एका दिवसाला एक दिवस

दादा, तुझ्या दोन खाचरांची आवणी राहिली आणि मी इथे तिरुपूरला शर्टाच्या कॉलरी शिवत बसले होते.

आईचा फोन आला तेव्हा जेवणाची सुट्टी चालू होती. ती आधी रडली नाही. म्हणाली, "काशिनाथ गेला गं." मग जरा थांबून म्हणाली, "राबातलं रोप तयार झालंय त्याचं." मला तिचा राग आला. माणूस गेलाय आणि ही रोपाचं काय बोलते? पण संध्याकाळी मशीन बंद केल्यावर माझ्या लक्षात आलं, ती तुझंच बोलत होती. भाताचं रोप पेरलेल्या राबातच जास्त दिवस राहिलं की म्हातारं होतं, मग ते आवणीला खाचरात लावून उपयोग नसतो. सुमनवहिनी एकटी. खाचरं पडून राहिली तर वर्षाचा भात गेला, आणि भात गेला की दिवाळीनंतर ती वीटभट्टीचा रस्ता धरणार. लग्न झाल्यापासून तू तिला त्या रस्त्याला जाऊ दिलं नव्हतंस. "बीए होऊन मी काय केलं विचारशील तर एवढंच केलं," असं तू म्हणायचास. हसत म्हणायचास, पण म्हणायचास.

मी आले नाही. दोन दिवसांचा प्रवास, आणि तोवर सगळं उरकलेलं असणार. इथे माझ्या खोलीत ओडिशाची एक मुलगी आहे. तिने विचारलं, "सगा भाई था?" मी म्हटलं, नाही, चुलत. ती म्हणाली, "फिर इतना?" मला तिला सांगता आलं नाही. नववीतून शाळा सुटलेल्या मुलीला ज्या माणसाने देश म्हणजे काय ते समजावलं, त्याचं नातं हिंदीत काय सांगायचं?

बाबा गेले तेव्हा माझी आश्रमशाळा सुटली. तू तेव्हा जव्हारच्या कॉलेजात होतास, अर्थशास्त्र घेतलं होतंस. रविवारी पोशेऱ्याला एसटीतून उतरून चढ चढून पाड्यावर यायचास. डावा पाय लहानपणापासून आखूड, त्यामुळे तुझी चाल लांबून ओळखू यायची. आमच्या पडवीत बसून तू आठवड्यात शिकलेलं मला सांगायचास. मला वाटायचं माझ्यासाठी सांगतोस. नंतर कळलं, परीक्षेसाठी मोठ्याने म्हणून बघायचास आणि ऐकायला मी फुकट मिळत होते. असू दे. मला त्याचा फायदाच झाला.

"हे बघ चंद्री, आपला पाडा हाच देश धर," तू म्हणायचास. "वर्षभरात इथे जे पिकलं, जे बनलं, जे काम विकलं गेलं, ते सगळं एकदाच मोजायचं. ते आपलं राष्ट्रीय उत्पन्न."

"एकदाच का?"

"नाहीतर तू रोप मोजशील, मग भात मोजशील, मग तांदूळ मोजशील, आणि म्हणशील आपण केवढे श्रीमंत."

पुढे मी इथे आले, आणि फोनवर तुला सांगितलं की मी शर्ट शिवत नाही, नुसती कॉलर शिवते. कापड कुठून येतं माहीत नाही, बाही दुसऱ्या लाइनीत, बटण तिसऱ्या. दिवसभर कॉलर. मला रडू येत होतं. तू विचार करून म्हणालास, "मग तुझी कॉलर कोणी वेगळी मोजणार नाही. शर्ट मोजला की त्यात तू आलीसच." मी नाक पुसलं. अजून कुणाच्या अंगात नवा शर्ट दिसला की मी आधी कॉलर बघते.

महागाई मात्र तू मला काकडीवर शिकवलीस. कॉलेजात असताना सुट्टीच्या दिवशी तू शिरपामाळला काकड्या विकायला बसायचास. ज्या दिवशी फिरायला येणाऱ्यांच्या गाड्या जास्त, त्या दिवशी तू भाव वाढवायचास. मी म्हटलं, ही लबाडी झाली. "लबाडी कसली? काकडी तेवढीच, पैसे घेऊन आलेली माणसं जास्त. मी नाही वाढवला भाव, त्यांनीच वाढवला." मग माझ्याकडे बघून म्हणालास, "पण आपल्याला मीठ घ्यायचं असतं तेव्हा मिठाच्या बाजूला भाव वाढवायला कोण बसलेलं असतं, ते बघ."

आपलं मोठं भांडण महागाईवरूनच झालं. ते अर्धंच राहिलं म्हणून आज लिहिते आहे.

आपल्याकडे आवणीला सावड असायची. आज सगळ्यांनी आमच्या खाचरात राबायचं, उद्या तुमच्या. ज्याच्याकडे काम त्याने जेवण घालायचं, भात आणि सुक्या बोंबलाचं कालवण. एका दिवसाला एक दिवस फेडायचा. कोण जोरात लावतो, कोण हळू, ते कोणी बघत नव्हतं. तुला चिखलात वाकून उभं राहता यायचं नाही, तर तू राबाच्या कडेला बसून रोप उपटायचास, जुड्या बांधायचास, आणि गप्पा मारून सगळ्यांना हसवायचास. संध्याकाळी तुझा दिवस इतरांएवढाच धरला जायचा. मला त्यात काही विशेष वाटलं नाही कधी.

मी पैसे पाठवायला लागले ते आईच्या गुडघ्यांसाठी. दिवस फेडायला तिला पंधरा घरांच्या चिखलात उभं राहावं लागायचं, आणि रात्री ती पाय धरून बसायची. म्हटलं, तू नको जाऊस, रोकडा दे आणि माणसं लाव. तिने लावली. आणि माझ्यासारखी बाहेर गेलेली आणखीही होती, कोणी भिवंडीच्या गोदामात, कोणी वसईला. त्यांनीही पाठवले. दोन-तीन हंगामांत पाड्यावर जो तो रोकड्यावर आला. मजुरी दरवर्षी वाढायला लागली. ज्यांच्या घरातलं कोणी बाहेर नव्हतं, त्यांची पंचाईत झाली.

तू फोनवर म्हणालास, "काय शेठाणी, पैसे पाठवलेस नि इकडे महागाई आली."

"एवढे पगार आहेत का माझे?"

"तुझ्या एकटीच्या पैशाने नाही येत. कोणा एकाच्या पैशाने येत नाही. पण हात तेवढेच आणि नोटा जास्त. बरं, एक गंमत सांगू? तुझी आई माझ्या खाचरात राबायची तेव्हा देशाच्या हिशेबात ते शून्य होतं. आता तेच काम रोकड्याने झालं, तर देश वाढला म्हणे. चिखल तोच, भात तेवढाच."

मला राग आला. मी म्हटलं, "तुला गंमत सुचते. आईचे गुडघे तुझ्या कुठल्या हिशेबात बसतात?"

तू म्हणालास, "तेही कुठेच बसत नाहीत, हे खरंय."

दादा, मी आजही तेच म्हणेन. आईला चिखलातून बाहेर काढलं ते बरोबरच केलं. पण तू त्या भांडणात एक गोष्ट बोलला नाहीस, आणि मी विचारलीही नाही. पुढे आईने सांगितली. रोकडा सुरू झाल्यावर तुला कोणी बोलवेना. तू स्वतः लक्ष्मणकाकांकडे विचारायला गेलास. त्यांची खाचरं सगळ्यांत मोठी, वरची आळी ते खालचा ओढा. ते ओट्यावर बसले होते. चारचौघांसमोर म्हणाले, "काशा, सावडीत चालायचं तुझं. रोकडा मोजायचा तर मानूस उभा पायजे." तू म्हणालास, "बरोबर आहे, काका," आणि चहा पिऊन आलास. चहा पिऊन आलास, हे आई दोनदा बोलली.

माझ्याशी मात्र तू देशाचं उत्पन्न बोलत राहिलास. मजुरी आणि महागाई. स्वतःचं नाव त्यात एकदाही घेतलं नाहीस.

तसं एकदा घेतलं होतंस म्हणा, मला सोडायला आलास तेव्हा. इथे पोरी पाठवायच्या म्हटल्यावर सगळा पाडा आईला बोलत होता. तू एकट्याने तिला पटवलंस, आणि कल्याण स्टेशनपर्यंत आलास. गाडीला उशीर होता. नागलीची भाकर आणि मिरचीचा ठेचा आपण फलाटावर बसून खाल्ला. मी घाबरले होते. म्हटलं, "दादा, आपल्याकडे खरंच काम नाही का रे? सगळे राबतात तर दिसतात."

"राबतात. पण तीन माणसांचं शेत पाच जण करतात. त्यातल्या दोघांना काढलं तरी भात तेवढाच येतो. ते दोघं बेकारच. दिसत नाहीत एवढंच. पुस्तकात त्याला छुपी बेकारी म्हणतात."

"मग पाचातले जास्तीचे दोन कोणते?"

तू भाकरीचा तुकडा मोडलास. "एक मी," म्हणालास. "दुसरी तू. म्हणून तर तुला गाडीत बसवतोय."

मला तेव्हा हसू आलं. गाडी हलल्यावर तू खिडकीबरोबर चालायला लागलास आणि पाय तुला साथ देईना. तू ओरडून म्हणालास, "परत यायचं नाही असं ठरवून जा. नाहीतर तिकडे मन लागणार नाही." सावड मोडली म्हणून जो पुढे माझ्याशी भांडला, तोच मला परत येऊ नको म्हणाला. यातलं तुझं खरं कुठलं होतं, ते विचारायचं राहून गेलं.

एक गोष्ट आठवून अजून हसू येतं, तीही लिहून टाकते. पाड्यावर घरोघर सरकारी माहिती घ्यायला एक तरुण आला होता, हातात टॅब घेऊन. मी तेव्हा सणाला घरी होते. त्याने आईला विचारलं, "मावशी, गेल्या आठवड्यात काम शोधलंत का?"

"नाय बा. काम घरी येतं आमाला शोधीत. मुकादम येतो, गाडी घिऊन."

"म्हणजे काम शोधत नाही?"

"त्याला आमचं घर म्हायतीय ना. आमी कशाला जावं?"

तो घामाघूम झाला. मग तुझ्याकडे वळला. शिक्षण काय, तर बीए. काय करता, तर काही नाही. काम शोधलंत का, तर तू म्हणालास, "पूर्वी शोधायचो. आता थांबवलं." तो बिचारा प्रामाणिक होता. म्हणाला, "मग सर, तुम्ही बेरोजगारांत येत नाही. शोधणारा असला तरच तो बेरोजगार." तू त्याच्या पाठीवर थाप मारलीस. "बघ काकू," माझ्या आईला म्हणालास, "शोधायचं सोडलं की बेकारी संपते." सगळे हसले. वहिनी तेवढी हसली नाही. ती चुलीकडे वळली. तेव्हा मला वाटलं, धूर गेला असेल डोळ्यात.

आता इथलं.

तू गेलास त्याच्या तिसऱ्या-चौथ्या दिवशी मी आईला म्हटलं, मी पैसे पाठवते, माणसं लावा आणि खाचरं उरका. आई म्हणाली, "मानसं कुठंयत? धडधाकट सगळी नाशिककडं गेलीत आवनीला. तिकडं रोकडा जास्त."

"मग आपणही जास्त देऊ."

"कोनाला? बैलाला?"

पैसे हातात होते आणि घ्यायला कोणी नव्हतं. तुझ्याकडून एवढं शिकूनही मला हे आधी सुचलं नव्हतं.

आई म्हणाली, "मी सावड मागितली."

"कोणाकडे?"

"घरोघर. म्हातारी-कोतारी राहिलीत तेवढी. काशिनाथसाठी येतो म्हनाली."

"आणि फेडणार कोण? वहिनी एकटी किती दिवस फेडेल? तुझ्या गुडघ्यांनी तू?"

ती म्हणाली, "तू. कापनीला तुझे दिवस कबूल केलेत मी. दिवाळीच्या आधीचे."

दादा, दिवाळीच्या आधी इथे सगळ्यांत जास्त काम असतं. त्या वेळी जी गावी जाते, ती परत येते तेव्हा तिच्या मशीनवर दुसरी बसलेली असते. मध्यंतरी ऑर्डरी कमी झाल्या तेव्हा आम्हाला आठवडाभर हॉस्टेलवर बसवलं होतं. त्या आठवड्यात मी रोज मनात आईची औषधं आणि घराचा पत्रा मोजत होते. मला सवयच आहे घाबरायची, तुला माहीत आहे. मी आईला नको ते बोलले. मला न विचारता कबूल कसे केलेस, तुला काय जातंय, वगैरे.

तिने सगळं ऐकून घेतलं. म्हणाली, "बरं. मग मी पुन्हा घरोघर जाते नि सांगते, चंद्री येत नाय म्हनून."

ती खरंच गेली असती. त्याच गुडघ्यांनी. मी म्हटलं, थांब, उद्या सांगते.

दुसऱ्या दिवशी कॉलरी शिवताना मी तुझ्याशीच वाद घालत होते. तू असतास तर काय म्हणाला असतास? नोकरी धर, म्हणाला असतास, बहुतेक. रोजगार हातातला सोडून कोणी दिवस फेडायला येतं का, वेडी आहेस का, म्हणाला असतास. आणि मग चहाचा घोट घेऊन दुसरीच बाजू मांडली असतीस, आणि ऐकणाऱ्याला काय करायचं ते कधीच सांगितलं नसतंस. तुझी ती सवय मला आवडायची नाही. पण त्यामुळेच तू गेल्यावरही मला ठरवता आलं, हेही खरं. वहिनी भट्टीवर जाऊ नये असं तुला वाटत होतं. तिथून पुढे मला फार विचार करावा लागला नाही.

संध्याकाळी मी आईला हो म्हटलं. मग सुपरवायझरकडे गेले. दिवाळीच्या आधी सुट्टी लागेल, आत्ताच सांगून ठेवते, म्हटलं. तो हिंदी मोडकीतोडकी बोलतो. "उस टाइम जो नहीं, उसका मशीन नहीं," म्हणाला. मी म्हटलं, समझ गयी. अजूनही रोज वाटतं, चूक केली का? पण शब्द मागे घेतला नाही.

आवणी झाली, दादा. दोन्ही खाचरांची. आईने फोनवर सगळं सांगितलं. कोण कोण आलं, वहिनीने कालवण केलं आणि मीठ जास्त पडलं, सगळ्यांनी मुकाट्याने खाल्लं. लावणाऱ्या तीन म्हाताऱ्या मधे मधे कंबर धरून उभ्या राहायच्या आणि तुझं काहीतरी आठवून हसायच्या. रोप थोडं जून झालं होतं, पण धरेल म्हणते आई.

मग म्हणाली, "लक्ष्मणकाकाबी आला हुता."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

"त्याला आता वाकवत नाय. कंबर धरलीय. बसून रोप उपटलं दिसभर, जुड्या बांधल्या."

मला इतकं काही वाटलं की तोंडातून भलतंच निघालं. मी म्हटलं, "बसूनच केलं ना? मग अर्धा दिवस धर त्याचा."

आई चिडली नाही. सुपात तांदूळ पाखडत असावी, तसा आवाज येत होता. म्हणाली, "आगं, दिस तो दिस. अर्धा कसा धरायचा?"

तेव्हा कापणीला मी येते आहे. मशीन राहील की जाईल, ते आल्यावर बघू. लक्ष्मणकाकांचं भात आधी पिकतं, म्हणून पहिला दिवस त्यांच्याच खाचरात आहे. मी त्यांच्याशी बोलेन की नाही, माहीत नाही. त्यांनी तुझा विषय काढला तर काय उत्तर देईन तेही माहीत नाही. पण सकाळी उजाडताच विळा घेऊन जाईन आणि सगळे निघेपर्यंत कापत राहीन.